कुतुबखान्याच्या भिंतीवरचे राघू

भोकरदनच्या मुलींच्या शाळेत मी उस्तानी म्हणून लागले तेव्हा माझं वय एकवीस होतं. निजामाचं राज्य होतं. दप्तर सगळं उर्दूत चालायचं, पण लहान मुलींना मराठीतून शिकवायला कुणीतरी बाई हवी होती आणि सातवी पास झालेली मराठी बाई आमच्या भागात शोधूनही सापडत नव्हती. म्हणून माझी नेमणूक झाली. मी धावड्याच्या कुंभाराची लेक. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापानं गेला आणि मी माहेरी परत आले. मुली मला छोटी उस्तानी म्हणायच्या. बडी उस्तानी म्हणजे शाळेच्या मुख्य बाई. त्या औरंगाबादच्या, घरी उर्दू बोलणाऱ्या. उंच बांधा, पण आवाज अगदी हळू. त्या बोलायला लागल्या की सगळा वर्ग ऐकण्यासाठी आपोआप गप्प व्हायचा.

मी कुंभाराची आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी आपणहून ते कधी बोलत नसे. जुम्म्याची सुट्टी धरून घरी जाऊन आले की शनिवारी शाळेत शिरण्याआधी नखं काडीनं कोरून साफ करायची. मातीचा कण दिसता कामा नये. वडील गाढवांवर मडकी लादून बाजाराला आले, की मी मागच्या गल्लीनं शाळा गाठायची. आज हे लिहिताना हात अडखळतो, पण होतं ते असं होतं.

शाळेच्या रस्त्याकडच्या बाजूला एक लांबट खोली होती. पूर्वी तिथं सरकारी धान्याची पोती ठेवत. ती रिकामी झाल्यावर बड्या उस्तानींनी अर्जांवर अर्ज करून ती मागून घेतली आणि तिथं शाळेचा कुतुबखाना, म्हणजे ग्रंथालय, उघडला. दोन कपाटं होती. एकात उर्दू पुस्तकं, एकात मराठी. वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या घरी जाऊन आम्ही दोघींनी ती मागून आणली होती. खाली सतरंजी, एक कंदील, पाण्याचा माठ. शाळा सुटल्यावर गावातल्या कुठल्याही बाईनं, मुलीनं यावं, बसावं, वाचावं, वाचता येत नसेल तर ऐकावं, अशी त्यांची इच्छा होती.

पण कुणी येईना. महिनाभरानं एक शेतकरी आला आणि दारात उभा राहून मला विचारू लागला, "बाई, ज्वारी कधी वाटणार हाय?" लोकांच्या लेखी ते अजून धान्याचं गोदामच होतं. बाहेरून दिसायची ती नुसती मातकट, उंच, आंधळी भिंत. पाटी लावली होती, पण पाटी वाचायची कुणी?

त्या दिवशी बड्या उस्तानींनी आम्हा तिघी शिक्षिकांना बसवून घेतलं. त्या म्हणाल्या, "इस दीवार पे कुछ ऐसा होना, जो बेपढ़ी औरत भी देखे तो खड़ी रह जाए."

दुसऱ्या बाई म्हणाल्या, औरंगाबादहून चितारी बोलवू. त्यावर बडी उस्तानी म्हणाल्या, रंग दोन पावसाळे टिकणार, मग पुन्हा तीच मातकट भिंत.

मी म्हणाले, "भाजलेल्या मातीचं केलं तर टिकेल."

"कौन करेगा?"

"माझी आई करील."

बोलून गेले आणि माझे कान गरम झाले. आईला विचारलं नव्हतं. आई असं काही करू शकते की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. पण पोळ्याला ती मातीचे बैल करायची आणि आसपासच्या पाच गावांतून माणसं तेच बैल मागायला यायची, एवढं मी पाहिलं होतं. त्यातला प्रत्येक बैल निराळा असायचा. एखादा मारका, एखादा थकलेला. ते ओळखू यायचं.

पुढच्या सुट्टीत घरी गेले आणि अंगणात आईला सगळं सांगितलं. ती शेगडीची कड थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी काय चितारी हाय का? मला चूल येती, शेगडी येती, बैल येत्यात. भिंत सारवायची असंल तर येते."

"बैल येतात ना? मग भिंतीवर बैल कर."

"आन् ते उभे कशाला राहतील भिंतीवर?"

वडील चाकावर होते. आमच्यात चाकाला बाईनं हात लावायचा नाही अशी रीत. चाक बाप्याचं, माती कालवणं, थापणं, वाळवणं आणि हातानं जे काही करायचं ते बाईचं. वडील तिकडूनच म्हणाले, "चपटं भाजायचं म्हंजे खुळ्याचं काम. गोल भांड्याला आग चारी अंगानं धरते. चपटं वाकडं होतं नाहीतर फुटतं. जे चाकावर होत न्हाई त्यात मी न्हाई."

माझी समजूत अशी, की वडील असं बोलले नसते तर आई कदाचित नाहीच म्हणाली असती. तिनं शेगडीवरून हात काढला, लुगड्याला पुसला आणि मला म्हणाली, "केवढी भिंत हाय?"

मी दोरीनं मोजून आणलं होतं. पाच हात रुंद, तीन हात उंच. एवढं एकसंध होणार नाही, म्हणून तुकडे करायचे ठरले. सहा आडवे, चार उभे, असे चोवीस. शाळेत लिहायच्या पाटीसारखे दिसायचे म्हणून आई त्यांना पाट्याच म्हणू लागली.

पहिल्या चार पाट्या तिनं आमच्या नेहमीच्या मातीच्या केल्या. वडिलांच्या आव्यात मडक्यांच्या बाजूला सरकवून भाजल्या. दोन फुटल्या, एक पापडासारखी वाकली आणि चौथी उचलताना दोन तुकडे झाली. वडिलांनी ते तुकडे खापरांच्या ढिगावर टाकले. 

आईनं मग जुनी खापरं कुटायला घेतली. त्यांची भुकटी चाळून मातीत मिसळली, गाढवाची चाळलेली लीद घातली, तळ्याच्या वरच्या अंगाचा बारीक गाळ घातला. पाट्या उन्हात न ठेवता घरात, ओल्या पोत्याखाली, दहा-बारा दिवस हळूहळू वाळवल्या. रोज सकाळी प्रत्येक पाटी उलटायची. मागच्या बाजूला बोटानं चर ओढायचे, म्हणजे चुना धरून राहील. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा करायचं, फुटलं तर का फुटलं ते बघायचं आणि दुसऱ्यांदा दुसरं काही करायचं, एवढीच तिची विद्या. मी वर्गात मुलींना शिकवत होते आणि घरी येऊन शिकणं म्हणजे काय ते बघत होते.

चित्र काय काढायचं, हे तिनंच ठरवलं. ज्वारीचं रान. कणसं भरलेली, त्यांच्यावर राघूंचा थवा, मधोमध राखणीचा माळा आणि माळ्यावर गोफण घेतलेली पोरगी. "देऊळ न्हाई, मशीद न्हाई, राजा न्हाई," ती म्हणाली. "ज्वारी समद्याच्या घरात हाय."

राघू हिरवे हवेत, असं तिच्या मनानं घेतलं. पण भाजलेल्या मातीला हिरवा रंग आणायचा कुठून? एके दिवशी मी घरी गेले तर ती काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि थांबायची. शेवटी मीच विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "मागं एकदा माती मळताना माझी बांगडी वाढली. तुकडा पणतीत राह्यला. भाजल्यावर बघितलं तर पाण्याच्या थेंबावानी चमकत होता. हिरवागार. काचेचाच राघू व्हईल. पण बांगड्यांचे तुकडे मागायचे, ते बी तुझ्यासमोर..."

माझे हात तेव्हा मोकळे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तिनंही पाहिलं. मी म्हणाले, "माझ्याकडे तर नाहीत. पण शाळेत डब्बे भरून आहेत."

आणि खरंच होते. आमच्या मुलींचा आवडता खेळ काचापाणी. फुटक्या बांगड्यांचे तुकडे त्या डब्यांत, चिंध्यांत, दगडाखाली जपून ठेवायच्या. मी वर्गात सांगितलं, की कुतुबखान्याच्या भिंतीवर राघू बसवायचे आहेत आणि त्यांना पिसं हवीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तुकड्यांची रास पडली. हिरवे सगळ्यांत जास्त, थोडे निळे, थोडे लाल, एकदोन सोनेरी वर्खाचे. एका मुलीनं आपला सगळ्यांत आवडता तुकडा दिला आणि मला बजावलं, "बाई, हा डोळ्यापाशी लावा." कुणाच्या काकूला ते अशुभ वाटलं, कुणाची आजी कुरकुरली. बडी उस्तानी त्यांना म्हणाल्या, "अम्मा, बच्चियों का खेल है. खेल में क्या बदशगुनी?" तेवढ्यावर ते मिटलं. आईनं कच्च्या राघूंच्या अंगावर खोबणी कोरून ते तुकडे त्यांत बसवले.

पाट्या कच्च्या असतानाच बड्या उस्तानींनी काम बघायचं ठरवलं. बुरखा घेऊन, दमणीत बसून, मला सोबत घेऊन त्या धावड्याला आल्या. आमच्या अंगणात तोवर कुठली शिकलेली बाई आली नव्हती. आईनं घाईघाईनं पोतं अंथरलं, मग ते झटकलं, मग त्याच्यावर धडुतं टाकलं. बडी उस्तानी पोत्यावर न बसता सरळ पाट्यांपाशी गेल्या आणि मातीत गुडघे टेकून बसल्या.

बराच वेळ त्या बघत होत्या. मग माळ्यावरच्या पोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इस बच्ची के हाथ में किताब होना."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात?"

"पोरीच्या हातात पुस्तक हवं म्हणतात. कुतुबखाना आहे ना."

आई हसलीच. "राखणीवरची पोर पुस्तक वाचून राह्यली तर राघू काय करतील? समदं रान खातील की! बघणारा शेतकरी हसंल मला. म्हणंल, हिनं कधी राखण केली न्हाई."

मी ते उर्दूत सांगू लागले, पण बड्या उस्तानींना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "तो खाने दो. किताब के वास्ते थोड़ी जवार गई तो गई."

"ज्वारी पाटलाची असती, बाई. बोलणी आमाला बसत्यात," आई म्हणाली. मग एकदम थांबली. तिचा चेहराच बदलला. माझ्याकडे बोट करून ती बड्या उस्तानींना सांगू लागली, मराठीतच, हातवारे करून. "हिनं असंच केल्तं. नऊ वर्षांची होती. पाटलाच्या रानात राखणीला ठिवली. हिच्या मामानं जालन्याहून अंकलिपी आणल्ती, ती घेऊन बसली माळ्यावर. आन् राघवांनी अर्धा पट्टा साफ केला. पाटील असा आरडला! मंग मीच भावाला म्हणलं, हिला घेऊन जा तुझ्याकडं जालन्याला. ही राखणीच्या कामाची न्हाई."

यातलं शेवटचं मला ठाऊक नव्हतं. मामा जालन्याला शाळेत चपराशी होता, त्यानं मला ठेवून घेतलं आणि शाळेत घातलं, एवढंच मला माहीत होतं. ती त्याची माया असं मी समजत होते. मला पाठवणारी आई होती, हे मला त्या अंगणात, एकवीस वर्षांची झाल्यावर कळलं.

बडी उस्तानी हळूच म्हणाल्या, "तो फिर झूठ कहां है? आपने देखा है. वही बनाओ."

आई पाटीपाशी बसली. मग बांबूची काडी घेऊन तिनं पोरीच्या हातातली गोफण काढली आणि ती माळ्याच्या कडेवर लोंबती ठेवली. रिकाम्या हातात पुस्तक दिलं. आणि उगवतीच्या बाजूच्या दोन पाट्यांवरच्या कणसांचे दाणे एकेक करून खरवडून टाकले. राघू जेवून गेले होते.

खालच्या ओळीत नाव लिहायचं होतं. बड्या उस्तानींनी सांगितलं, उर्दूत आणि मराठीत, दोन्ही एकाच मापाचं. उर्दू त्यांनी लिहिलं, मराठी मी. ओल्या मातीत अक्षर कोरायला बसले तर माझी काडी वरवर चालली. आईनं माझ्या हातावर हात ठेवून ती खोल दाबली. "एवढं उथळ लिहिशील तर चुन्यात बुजून जाईल. जोर लाव." त्या दिवशी माझ्या नखांत खोलवर माती गेली आणि शनिवारी मी ती तशीच घेऊन शाळेत गेले.

भाजायची वेळ आली तेव्हा वडील आपणहून उठले. म्हणाले, "आव्यात एखादा तुकडा वितळंल, एवढी काच न्हाई, आच पुरत न्हाई. आन् एकावर एक रचल्या तर चिकटून बसतील." त्यांनी विटांची छोटी भट्टी बांधली, खाली तोंड, वर धुराडं. आत विटांचे ठोकळे ठेवून फळ्यांसारखे थर केले, म्हणजे पाटीला पाटी लागू नये. गोवऱ्यांऐवजी बाभळीचं लाकूड आणलं. भल्या पहाटे पेटवलेली भट्टी त्यांनी दिवसभर सोडली नाही. दुपारी आईनं त्यांना भाकरी नेली, ती त्यांनी एका हातानं खाल्ली. दुसऱ्या हातात लाकूड होतं. चपट्या कामात मी नाही म्हणणारा माणूस धुराचा रंग बघून मला सांगत होता, "आता काच घाम सोडून राह्यली."

तिसऱ्या दिवशी भट्टी थंड झाली. एकेक पाटी बाहेर येऊ लागली. लाल काच आगीत काळपट झाली होती, यकृताच्या रंगाची. सोनेरी वर्ख उडून गेला होता. पण हिरवी! हिरवी काच खोबणीत वितळून, पसरून, पुन्हा गोठली होती आणि उन्हात धरली की आत बारीक भेगांचं जाळं दिसायचं, पिसासारखं. वडिलांनी एक राघू अंगठ्यानं पुसला आणि शेजाऱ्याला हाक मारली, "ये रे, बघ, आमच्या घरात काय झालंय!"

तेवीस पाट्या चांगल्या निघाल्या. चोविसावी, माळ्यावरच्या पोरीची, कपाळापासून पुस्तकापर्यंत तडकली होती. आरपार नव्हे, केसाएवढा तडा.

आठवड्यावर मोहतमीम साहेबांची भेट आली होती. शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी, औरंगाबादहून यायचे. त्यांच्यासमोर भिंत उघडायची असं ठरलेलं. मी आईला म्हणाले, "चुना भरू तड्यात. लांबून कुणाला दिसणार नाही."

"मला दिसंल," ती म्हणाली.

"साहेब येणार आहेत, आई. पुन्हा करायला महिना जाईल. बड्या उस्तानींचं नाव जाईल."

आईनं ती पाटी दोन्ही हातांनी उचलली, उंबऱ्याच्या दगडावर नेली आणि आपटली. तिचे चार तुकडे झाले. मी किंचाळलेच.

"आता कुणी लपून लावायची भीती न्हाई," ती म्हणाली. "तडकलेला माठ मी बाजारात ठिवला न्हाई कधी. शाळेच्या भिंतीला कसा देऊ? जा, सांग तुझ्या बाईला. एक जागा मोकळी ठेवा म्हणावं."

मी रागानं रडत भोकरदनला परत आले. बड्या उस्तानींना सांगताना आईच्या वतीनं माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गवंड्याला बोलावून तेवीस पाट्या लावायला सांगितल्या आणि मधली जागा तशीच मोकळी ठेवायला लावली.

साहेब आले. टांगा थांबला, चपराशी धावले, मुलींनी सलाम केला. साहेब भिंतीसमोर उभे राहिले. नजर डावीकडून उजवीकडे फिरली, राघूंवर थांबली, मग मधल्या मोकळ्या चौकोनावर येऊन अडकली.

"ये क्या है? काम अधूरा है?"

मी जमिनीकडे पाहत होते. बडी उस्तानी नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "तख़्ती बनी थी, साहब. बाल बराबर दरार थी. बनानेवाली ने पास नहीं की. अपने हाथ से तोड़ दी."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "हमारे आने की ख़बर थी उसको?"

"बिलकुल थी."

 मग साहेब मोठ्यानं हसले आणि बरोबरच्या कारकुनाला म्हणाले, "लिख लो. इस मदरसे में इम्तिहान सख़्त होता है." पुढं होऊन त्यांनी त्या मोकळ्या जागेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कौन है ये औरत?"

बड्या उस्तानींनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्यावर सोडलं होतं.

"माझी आई आहे, साहेब," मी म्हणाले. "धावड्याची. आम्ही कुंभार." ही तिन्ही वाक्यं मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, की रांगेतल्या मुली वळून बघू लागल्या. घरातून रडत निघाले होते ती मीच का, असं मला वाटलं.

महिन्यानं चोविसावी पाटी आली. आईनं ती कडब्यात न ठेवता सबंध रस्ता मांडीवर धरून आणली होती. बैलगाडीनं सात-आठ कोस. गवंडी लावायला पुढं झाला तर तिनं त्याला बाजूला केलं, स्वतः चुना लावला, स्वतः दाबली आणि हात काढायच्या आधी बराच वेळ तशीच टेकून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून दारात उभी राहिले. आई रस्त्याच्या पलीकडं, डोक्यावरून पदर ओढून, बाजाराला आलेल्या चार बायकांत मिसळून उभी होती. तिला कुणी ओळखत नव्हतं. माणसं थांबायची. डोक्यावर टोपली घेतलेली बाई थांबायची, बैलाला दावं धरून नेणारा थांबायचा. दोन शेतकऱ्यांचा वादच लागला.

"कणीस वाकलंय कसं बघ. दाण्यानं जड झालंय. बराबर केलंय."

"आन् हिकडची खाल्लेली दिसत न्हाईत का तुला? पोरगी वाचत बसली, राघवांनी डाव साधला."

"आरं हौ की!" पहिला इतक्या मोठ्यानं हसला की बैल बुजला. "माझी धाकली अशीच हाय. ध्यान कुठं आन् काम कुठं."

"मंग घाल की शाळेत. राखणीला तरी कुठं उपयोगाची हाय."

आई पदराआडून माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला. तिनं मान वळवली, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते ते मला दिसलं.

त्या शेतकऱ्यानं धाकटीला आणलं की नाही, ते मला आठवत नाही. पण त्या हंगामात नव्या मुली आल्या आणि "ती भिंत बघितली" असं त्यांच्या आया सांगायच्या. संध्याकाळी सतरंजीवर बायका बसू लागल्या. मी वाचायची, बडी उस्तानी वाचायच्या. एकदा आईही येऊन बसली. वाचून झाल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "गोष्ट चांगली हाय. पण मधी एका जागी कच्ची राह्यली. पुन्हा भाजाय पाहिजे होती." बडी उस्तानी इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं.

दोन वर्षांनी घनसावंगीहून निरोप आला. तिथल्या शाळेत अशीच एक भिंत करायची होती, मुलांच्या शाळेत, दाराच्या दोन्ही बाजूंना. निरोप आणणाऱ्या माणसानं वडिलांना विचारलं, "तुमीच केलं ना भोकरदनचं?" वडील चाक थांबवून म्हणाले, "मी नुसती आग लावली. करणारी आत हाय. तिलाच विचारा." आणि आत तोंड करून, उभ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

भोकरदन सोडलं तर आईनं त्याआधी धावड्याच्या पंचक्रोशीबाहेर कधी काम केलं नव्हतं. ती म्हणाली, जाईन, पण लेक सोबत पाहिजे, अक्षरं तिची. मी रजेचा अर्ज लिहिला. आजारपण लिहावं की घरगुती कारण, अशा विचारात होते. बडी उस्तानी म्हणाल्या, "जो सच है वो लिखो." मी लिहिलं : आईबरोबर भिंतीच्या कामावर जात आहे. तो कागद त्यांनी दोनदा वाचला, मग सही केली. तशी रजा त्या दप्तरात आधी कुणी घेतली नसावी.

घनसावंगीला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ-दहा झाले असतील. शाळेतले दोन मास्तर सामोरे आले, खुर्ची दिली, चहा मागवला. आईनं खुर्चीकडे पाहिलंही नाही. तिनं विचारलं, "नदी कुण्या अंगाला हाय?" एकानं हात केला. ती तशीच निघाली, मी मागं, मास्तर माझ्या मागं. काठावर बसून तिनं गाळाचा गोळा उचलला, तळहातावर चोळला, थोडा जिभेला लावून थुंकला आणि बोटाएवढी वळी करून ती वाकवून बघितली. वळी तुटली नाही.

"आमच्या तळ्यापेक्षा चोख हाय," ती म्हणाली आणि मागं उभ्या असलेल्या मास्तरांकडे वळली. "चार पोती भरून द्या. आन् जुनी खापरं लागतील, समद्या गावाला सांगा."

मास्तर "हो, हो" म्हणत गावाकडं पळाले. आईनं लुगड्याचा ओचा खोवला आणि दुसरा गोळा उचलला.